गुड फ्रायडेची डर्बी: विगन–सेंट हेलेन्स सामन्याला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ईस्टर तीन-चार आठवड्यांवर आला की माझा फोन वाजायला लागतो. इथे, इंग्लंडमधल्या विगनच्या हॉस्पिटलात नुकतीच रुजू झालेली एखादी नर्स असते, नाहीतर वॉरिंग्टनला आयटीत आलेलं एखादं जोडपं. "ताई, कामावरचे लोक गुड फ्रायडेला रग्बीला चला म्हणतायत. जायचं का? आणि गेलो तर तिथं करायचं काय?"

जायचंच. विगन आणि सेंट हेलेन्स या दोन शेजारगावांच्या रग्बी संघांची ही डर्बी, म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला सामना. पण त्या दिवशी सकाळी उठून थेट मैदान गाठलंत तर अर्धाच सामना हाती लागेल. उरलेला अर्धा आधीच्या आठवड्यात होऊन गेलेला असतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी मूळची इचलकरंजीची, फिजिओथेरपिस्ट आहे, विगनमध्ये राहते. नवऱ्याची नोकरी सेंट हेलेन्सला. तिथल्या सहकाऱ्यांनी पहिल्याच वर्षी त्याला सेंट्सचा, म्हणजे सेंट हेलेन्स संघाचा, करून टाकलं. मी आणि मुलगा विगनचे. ज्या वर्षी पाडवा आणि डर्बी जवळजवळ येतात, त्या वर्षी आमच्या दारात गुढी असते आणि वरच्या दोन खिडक्यांत दोन संघांचे दोन मफलर.

आधी बाजू घ्या

"आम्हाला काय, दोन्ही संघ सारखेच" असं कृपा करून म्हणू नका. पाहुणा म्हणून तुम्हाला ते सौजन्याचं वाटतं, पण ज्याने तुम्हाला बोलावलंय त्याला वाटतं की याला यातलं काहीच लागत नाही. राहता त्या गावाची बाजू घ्या, किंवा या देशात आल्यावर ज्याने पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं त्याची. पण एकदा घेतली की बदलू नका.

खरेदी करताना जपा. दोन्ही संघांचे रंग लाल-पांढरेच आहेत. विगनचा लाल जरा गडद, चेरीसारखा, आणि जर्सीवर आडवे पट्टे. सेंट हेलेन्सची जर्सी पांढरी आणि छातीवर मोठा लाल व्ही. बाजारात दिसला तो लाल-पांढरा मफलर उचलून विगनच्या घोळक्यात उभे राहिलात तर लोक रागावणार नाहीत, पण दिवसभर प्रत्येक जण तुम्हाला थांबवून विचारेल.

ही चुरस कुठून आली तेही ठाऊक हवं. दोन गावांत जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडे कोळशाच्या खाणी होत्या. विगनला सुतगिरण्याही होत्या, तर सेंट हेलेन्सला काचेचे कारखाने; पिल्किंग्टनची काच तिथे १८२६ पासूनची. शनिवारी सामना खेळायचा म्हणजे कामगाराला पाळी सोडावी लागे आणि त्या पाळीची मजुरी बुडे. क्लबांनी ती भरून द्यावी, अशी उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. दक्षिणेकडच्या साहेबांना ती मान्य नव्हती. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब वेगळे झाले आणि त्यातूनच आजची रग्बी लीग उभी राहिली. विगन आणि सेंट हेलेन्स, दोघेही त्या पहिल्या क्लबांतले.

माझे वडील यंत्रमागावर होते. आमच्या घरात 'खाडा' हा शब्द हळू आवाजात उच्चारला जायचा, कारण खाडा पडला की आठवड्याच्या पगारात तो दिसायचा. हा खेळ खाड्याच्या पैशांवरून जन्माला आला हे मला इथल्या एका म्हाताऱ्या पेशंटने सांगितलं, गुडघ्याचा व्यायाम करता करता. त्या दिवसापासून तो मला परका वाटला नाही.

आठवडा कसा घालवायचा

सोमवारपासून चहाच्या खोलीत बोलणी सुरू होतात. सेंट्सवाले विगनच्या लोकांना 'पाय ईटर्स' म्हणतात. पाय (pie) म्हणजे मैद्याच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ. सांगतात ते असं: १९२६ च्या संपात विगनचे खाणकामगार इतरांच्या आधी कामावर परतले, म्हणून त्यांना 'हम्बल पाय' खावा लागला, म्हणजे मान खाली घालावी लागली. ही शिवी होती, पण विगनच्या लोकांनीच ती उचलून मिरवायला घेतली. तुम्हीही मिरवा. मात्र तुम्ही सेंट्सचे असाल तर पहिल्याच वर्षी ती तोंडात घेऊ नका. तेवढी जवळीक आधी व्हावी लागते.

सामन्याच्या दोन दिवस आधी २१ जणांची यादी जाहीर होते. ती जरूर वाचा. कोण दुखापतीतून परतलाय, कोण गळालाय, यावर सगळं गाव बोलत असतं. माझ्याकडे येणारे पेशंट स्वतःचा खांदा विसरून एखाद्या खेळाडूच्या मांडीच्या स्नायूबद्दल विचारतात. "इतक्या आठवड्यांत तो पळू शकेल का, लव्ह?" मी त्यांना खरं तेच सांगते: त्याला तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

आणि जुन्या माणसांना विचारा. मी स्वतः शिकले ते असंच. आमच्या शेजारच्या बाई ऐंशीच्या घरात आहेत. त्या विगनच्या, त्यांचे दिवंगत यजमान सेंट्सचे. १९६६ च्या चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या फायनलबद्दल विचारलं की त्या आधी खुर्ची ओढून बसतात. वेम्बलीवर ९८,५३६ माणसं होती आणि सेंट हेलेन्सने विगनला २१-२ ने हरवलं होतं. परतीच्या प्रवासात नवरा-बायको एक शब्द बोलले नाहीत म्हणे. २००४ च्या गुड फ्रायडेला सेंट्सच्या जुन्या नोजली रोड मैदानावर खेळाडूंची मारामारी जुंपली आणि सामना २१-२१ असा बरोबरीत सुटला. २०१० साली सेंट्सने ते मैदान सोडलं, आणि त्याच वर्षी मोसमाचा विजेता ठरवणाऱ्या ग्रँड फायनलमध्ये विगनने त्यांना २२-१० असं हरवलं. हे आकडे पाठ करायची गरज नाही. फक्त कुणी सांगायला लागलं तर मधे बोलू नका.

२०२० ची ग्रँड फायनल मात्र माझ्या डोळ्यांसमोरची. कोविडमुळे हल शहरातलं स्टेडियम रिकामं होतं, आम्ही घरात टीव्हीपुढे. ४-४ अशी बरोबरी, घड्याळ संपत आलेलं. सेंट्सच्या टॉमी मॅकिन्सनने लांबून ड्रॉप गोलचा, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून लाथाडायचा, प्रयत्न केला, चेंडू खांबावर आदळून खाली आला, आणि जॅक वेल्स्बीने धावत जाऊन त्यावर झेप घेतली. ८-४. नवरा उभा राहून ओरडला आणि त्याच क्षणी त्याचं मुलाकडे लक्ष गेलं. मुलगा सहा वर्षांचा होता. काही न बोलता जिना चढून वर गेला. त्या रात्री नवऱ्याने त्याच्या खोलीच्या दाराशी बसून त्याला विगनचे जुने विजय वाचून दाखवले, एकेक करून, तो झोपेपर्यंत.

एका दुपारी विगनच्या मध्यात बिली बोस्टनचा पुतळाही बघून या. कार्डिफच्या गोदीवस्तीतला मुलगा, वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश वंशाची. १९५३ मध्ये तो विगनला आला आणि या क्लबसाठी त्याने ४७८ ट्राय केले. ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. २०२५ मध्ये त्यांना सर ही पदवी जाहीर झाली; रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेली ती पहिलीच. बाहेरून आलेल्या माणसाला या गावाने इतकं आपलं मानलं, हे त्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की कळतं.

काय बघायचं

बाजूला तेरा खेळाडू, ऐंशी मिनिटांचा खेळ. चेंडू पळवत न्यायचा, मात्र हाताने पास मागेच द्यायचा. समोरचे पकड करून पाडतात. पडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो, पायाने मागे सरकवतो, आणि पुढची चाल सुरू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या बाजूला जातो. म्हणून पाच पकडी झाल्या की बहुतेक वेळा लाथ मारून चेंडू लांब धाडतात. ट्रायला ४ गुण, त्यानंतरच्या किकला २, पेनल्टीला २, ड्रॉप गोलला १. एवढ्यावर पहिला सामना निभावतो. कबड्डी बघितलेल्या माणसाला तर निम्मं आधीच कळलेलं असतं.

पण नव्या माणसाची नजर चेंडूवर खिळून राहते, आणि खेळ चुकतो तो तिथेच. चेंडूपेक्षा पकड झाल्यानंतरचे तीन सेकंद बघा. चेंडू असलेला गडी पालथा, कोपर-गुडघ्यांवर पडला तर झटकन उठतो. बचाव करणाऱ्यांना तेवढ्यात दहा मीटर मागे सरायचं असतं. ते अजून पाठमोरे असतानाच पुढचा गडी अंगावर येतो. म्हणून बचाव करणारे त्याला पाठीवर लोळवायला बघतात. आमच्या कोल्हापूर-इचलकरंजीच्या तालमींत पाठ लागली की कुस्ती संपते. इथे पाठ लागली की दोन सेकंद जातात, आणि त्या दोन सेकंदांत समोर भिंत उभी राहते. पहिली वीस मिनिटं दोन्हीकडचे धिप्पाड गडी एकमेकांवर नुसते आदळताना दिसतील. तिथे काही घडत नाहीये असं वाटेल, पण कोण लवकर उठतंय आणि कोण उशिरा, याचा सगळा हिशेब तिथेच चालू असतो. तिसऱ्या-चौथ्या चालीत तो तुम्हाला दिसायला लागेल, आणि मग उत्तरार्धात ट्राय का झाला हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

शेजारचे लोक "गेट 'एम ऑनसाइड!" ओरडतील. समोरचे पूर्ण दहा मीटर मागे गेलेले नाहीत अशी ती पंचांकडे तक्रार. बिनधास्त ओरडा. पंचांनी "सिक्स अगेन" दिलं तर पकडींची मोजणी परत पहिल्यापासून. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला तपासणीसाठी बाहेर नेतात. तेव्हा तो कुठल्याही बाजूचा असो, आरडाओरडा नको. हे माझं कळकळीचं सांगणं आहे. अशा माराचे वर्षांनंतरचे परिणाम मी कामावर पाहते.

त्या दिवशी

तिकीट आधीच काढा आणि आपल्या बाजूच्या भागातलंच काढा. लहान मुलं असतील तर बसायच्या जागा घ्या. उभं राहायच्या भागात त्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. मुलांना न्यायला मुळीच कचरू नका, आजी-आजोबांपासून तान्ह्यांपर्यंत सगळे येतात. सामन्याची वेळ दरवर्षी तीच असेल असं धरू नका, तिकिटावरची बघा. विगन नॉर्थ वेस्टर्न आणि सेंट हेलेन्स सेंट्रल यांच्यामध्ये थेट गाडी आहे, पण ईस्टरच्या सुट्टीत रुळांची कामं निघतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक परत तपासा. कपडे एकावर एक चार थर. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही. टोपीचं जाकीट घ्या.

सामना सेंट हेलेन्सला असेल तर गावातून मैदानाकडे जाताना एक पादचारी पूल लागतो. तो स्टीव्ह प्रेस्कॉटच्या नावाचा आहे. सेंट्सचा हा फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा खेळाडू, कर्करोगाशी झुंजत असतानाही इतरांच्या उपचारांसाठी निधी जमवत राहिला आणि २०१३ मध्ये गेला. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारालाही त्याचं नाव दिलंय. मी विगनचा मफलर घालून त्या पुलावरून जाते आणि दरवेळी क्षणभर थांबते.

खाण्याचं सांगते. विगनला 'पाय बार्म' मिळतो: लोणी लावलेल्या गोल पावात अख्खा गरम पाय. मांसाच्या पायमध्ये बहुधा गोमांस असतं, चालत नसेल तर विचारून घ्या. शाकाहारी असाल तर बटर पाय मागा. आत बटाटा, कांदा आणि लोणी. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या इथल्या कॅथलिकांची ही जुनी सोय, त्यामुळे गुड फ्रायडेला तो खाणं अगदी रीतीला धरून आहे. पण वरच्या आवरणात डुकराची चरबी घातलेली असू शकते, हे दुकानात स्पष्ट विचारा. कुणाला वाईट वाटत नाही. खिशात अंकल जोज मिंट बॉल्स ठेवा. विगनची ही १८९८ पासूनची गोळी थंडीत घशाला बरी पडते.

शेवटची शिट्टी झाली की लगेच उठू नका. खेळाडू मैदानाभोवती फेरी मारतात, कठड्याशी उभ्या असलेल्या मुलांना सह्या देतात. माझ्या मुलाच्या टोपीवरच्या तिन्ही सह्या हरलेल्या दिवसांच्या आहेत.

मग मंगळवारी कामावर. जिंकला असाल तर विषय समोरच्याला काढू द्या. हरला असाल तर तुम्हीच काढा, सकाळीच, पहिल्या चहाला. आमच्या विभागात हरलेल्या बाजूने सगळ्यांसाठी पाय आणायचे असा रिवाज आहे. तुमच्याकडेही असेल तर ऑर्डर शनिवारीच देऊन ठेवा, कारण मंगळवारी सकाळी बेकरीबाहेर रस्त्यापर्यंत रांग असते.