लायब्ररीचं ई-बुक उघडत नाही? या चुका टाळा

"अगं, पुस्तक उतरलंय, पण आत सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी आहे." रविवारी सकाळी ठाण्यातल्या नौपाड्याहून मावशीचा फोन. साठी ओलांडल्यावर बाईंनी एम.ए.ला नाव घातलंय आणि विद्यापीठाच्या लायब्ररीचं लॉगिन मिळाल्यापासून घरबसल्या पुस्तकं 'आणायचा' सपाटा लावलाय. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून गेले. डाउनलोड्समध्ये एकाच नावाच्या पाच फायली पडलेल्या: 'यूआरएललिंक', मग कंसात १, २, ३, ४. प्रत्येकीचा आकार जेमतेम एकदोन केबी.

तीनशे पानांचं पुस्तक दोन केबीत मावत नाही. इथेच घोळ कळतो.

पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आपण जे उतरवतो ते पुस्तक नसतंच. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एसीएसएम' असेल, तर ती नुसती चिठ्ठी. मावशीचं अर्धं आयुष्य ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलंय, १८९३ सालची संस्था. त्यामुळे तिला एवढंच सांगितलं, की तू चिठ्ठी घेऊन घरी आलीस, काउंटरवर दिलीच नाहीस. नोटपॅडमध्ये ती फाइल उघडलीत तर पहिल्याच ओळीत 'फुलफिलमेंट टोकन' असे शब्द दिसतील. बँकेत पितळी टोकन मिळायचं, तसलंच हे. ते घेणारा खिडकीवरचा माणूस म्हणजे 'अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्स' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. चिठ्ठी त्यात उघडली की ते सर्व्हरवरून खरं पुस्तक आणतं, ईपब (ई-बुकांचा फाइल-प्रकार) किंवा पीडीएफ, आणि डॉक्युमेंट्समधल्या 'माय डिजिटल एडिशन्स' या फोल्डरमध्ये ठेवतं. म्हणजे या वेळी इंटरनेट चालू हवं. एकदा पुस्तक आलं की नेट नसलं तरी वाचता येतं.

नाव सारखं असल्यामुळे बरेच जण अ‍ॅक्रोबॅट रीडर टाकून बसतात. तो वेगळा. लायब्ररीची कुलूपबंद पीडीएफ त्यात उघडत नाही, क्रोममध्येही नाही. कॅलिबर हे ई-बुकांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येईल.

मावशीने आणखी एक केलं होतं. विंडोजने "कशात उघडू?" विचारल्यावर नोटपॅड निवडून 'नेहमी' वर टिचकी मारली होती. मग शंभरदा डबल क्लिक करा, खिचडीच. फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर अ‍ॅप', तिथे डिजिटल एडिशन्स आणि पुन्हा 'नेहमी'. संपलं.

सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडल्यावर ते कॉम्प्युटर 'ऑथराइज' करायला, म्हणजे अ‍ॅडोबीच्या आयडीशी (खात्याशी) जोडायला सांगतं. खाली एक छोटा चौकोन असतो, आयडीशिवाय ऑथराइज करा असा. घाईत लोक तोच निवडतात, कारण पासवर्ड लक्षात ठेवायचा कंटाळा. माझं मत विचाराल तर तो चौकोन बघूच नका. आयडीशिवाय घेतलेलं पुस्तक त्याच एका कॉम्प्युटरला बांधलं जातं. उद्या लॅपटॉपवर न्यायचं म्हटलं तर उघडणार नाही. अ‍ॅडोबीचा आयडी फुकट आहे आणि एका आयडीवर सहा कॉम्प्युटर चालतात.

घरात दोन आयडी असले की वेगळीच भानगड. चिठ्ठी भाच्याच्या आयडीने वटवली आणि नंतर मावशीच्या आयडीने उघडली, तर 'ऑलरेडी फुलफिल्ड बाय अनदर यूजर' असा निरोप येतो. चिठ्ठी एकाच आयडीवर वटते. व्हॉट्सअ‍ॅपवर मैत्रिणीला पाठवूनही म्हणून उपयोग नाही. चुकीच्या आयडीवर कॉम्प्युटर बसला असेल, तर डिजिटल एडिशन्स उघडं ठेवून कंट्रोल-शिफ्ट-डी दाबा, जुनं ऑथरायझेशन पुसा आणि योग्य आयडी घाला. पुस्तक ज्या आयडीने घेतलं होतं, तोच.

आता मावशीच्या कॉम्प्युटरची खरी गंमत. सगळं नीट करूनही 'रिक्वेस्ट एक्स्पायर्ड'. शिळ्या चिठ्ठीला असा निरोप येतो हे ठाऊक होतं, म्हणून लायब्ररीच्या साइटवरून ताजी फाइल उतरवली. तरी तेच. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २००९. चिठ्ठीलाही मुदत असते, पुस्तकालाही, आणि मुदत मोजायची तर घड्याळ बरोबर हवं. मावशी रोज झोपताना भिंतीवरचं बटण बंद करते, विजेची बचत म्हणून, आणि मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेलेली. सीआर २०३२ म्हणून दुकानात मागायची, हातातल्या घड्याळांची बॅटरी बदलणाऱ्याकडेही मिळते. ती घालेपर्यंत सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू केलं आणि टाइम झोन भारताचा, यूटीसी अधिक ५:३० निवडला. पुन्हा ताजी चिठ्ठी, आणि पुस्तक धाडकन उघडलं.

जुन्या मराठी पुस्तकांचं दुखणं निराळं. इंटरनेट अर्काइव्ह या साइटवरची कॉपीराइट संपलेली पुस्तकं थेट उतरतात, चिठ्ठीबिठ्ठी नाही. पण ती पानांचे फोटो असतात, आणि त्यांवरून यंत्राने केलेल्या ईपबमध्ये देवनागरीचा अनेकदा चुराडा झालेला असतो. तिथे सरळ पीडीएफ घ्या. फाइल मोठी असते, वाय-फाय मध्येच गेलं तर अर्धवट उतरते. क्रोममध्ये अशा फाइलच्या शेवटी 'सीआरडाउनलोड' दिसतं. ती उघडायच्या नादी लागू नका, पुन्हा उतरवा.

आणि वाचून झाल्यावर फाइल डिलीट केली म्हणजे पुस्तक परत गेलं, असं मावशीला वाटत होतं. तसं होत नाही. मुदत संपेपर्यंत ते तुमच्याच नावावर राहतं आणि मागचा माणूस ताटकळतो. डिजिटल एडिशन्समध्ये पुस्तकावर राइट क्लिक करून 'रिटर्न बॉरोड आयटम' दिसत असेल तर ते दाबा, डिलीट त्यानंतर.