जर्मन विशेषणांच्या शेपट्या कशा सोडवायच्या

जर्मन शिकताना फ्रॉइंडलिश, लेसबार, लांगझाम असले शब्द यादी करून पाठ करत बसू नका, मी केलंय, नुसता वैताग येतो. त्यापेक्षा शेवटचा तुकडा सोडवून घ्या आणि त्यालाच विचारा, बाबा तू आधी कोण होतास? कारण यातले बरेच प्रत्यय एकेकाळी चांगले स्वतंत्र शब्द होते. आपल्या 'लाचखोर'मधला खोर कसा फारसीतला 'खाणारा' आहे, तसंच.

सुरुवात -लिशपासून करा. याचं मूळ म्हणजे शरीर, रूप. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने गॉथिकमध्ये, म्हणजे जर्मनच्या एका जुन्या, आता मेलेल्या नातेवाईक भाषेत, बायबल आणलं, त्यात 'लीक' म्हणजे शरीर. मग फ्रॉइंडलिश म्हणजे मित्राचं रूप असलेला, झालं. गंमत बघा, हाच शब्द जर्मनमध्ये एकटा उरला तो 'लाइशे' म्हणून, म्हणजे प्रेत! इंग्लंडात जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं दार असतं त्याला लिचगेट म्हणतात, तिथे प्रेत टेकवायचे, तेही यातलंच. इंग्रजी फ्रेंडलीतला 'ली' म्हणजे हाच, झिजलेला. जुन्या इंग्रजीत विशेषणाला -लिच आणि क्रियाविशेषणाला -लिचे लागायचं, पुढे दोन्ही झिजून 'ली'च झाले, म्हणून फ्रेंडली विशेषण आणि स्लोली क्रियाविशेषण असा सगळा घोळ.

-बार आला की 'वाहणारा, धरणारा' लावून बघा. संस्कृत भृ, आपला भार, त्याच घरातला, फक्त भ चा तिकडे ब झाला. फ्रुख्टबार म्हणजे फळ धरणारं, सुपीक. पण नंतर तो क्रियापदांना लागायला लागला आणि अर्थ सरकला, लेसबार म्हणजे वाचता येण्याजोगं. लांगझाम (म्हणजे हळू) मधला -झाम तर चक्क आपल्या 'सम'चा भाऊबंद, इंग्रजीत हँडसममध्ये बसलाय.

एका ठिकाणी हमखास फसायला होतं. होपलेसमधला लेस 'कमी'वाला नाही!! जर्मन -लोस बघा, म्हणजे सुटा, मोकळा, इंग्रजी लूजचा नातेवाईक. आशेतून सुटलेला.

-इग आणि -इश मात्र स्वतंत्र शब्द नव्हेत, तिथे मूळ शोधू नका, आधीचा स्वर बघा. प्रत्ययातली इ मागच्या आ ला ए कडे ओढते आणि लिहिताना त्या a वर दोन ठिपके येतात (ä), क्राफ्ट म्हणजे ताकद पण ताकदवान म्हणजे क्रेफ्टिग, श्टाट म्हणजे शहर पण शहरी म्हणजे श्टेटिश. तेव्हा शेपटी कापल्यावर उरलेला शब्द डिक्शनरीत सापडला नाही तर त्या अक्षरावरचे दोन ठिपके काढून परत शोधा.