आर्चबिशप की चान्सेलर? मोबाईलवर सोंगट्या ओळखू येईनात, त्यावर केलेला उपाय

कापाब्लांका चेस खेळणाऱ्यांना माहितीये, १९२० च्या दशकातला बुद्धिबळाचा प्रकार, पट १० बाय ८, आणि दोन जादा सोंगट्या: आर्चबिशप म्हणजे उंट अधिक घोडा, चान्सेलर म्हणजे हत्ती अधिक घोडा. ऑनलाईन सोंगट्यांच्या चित्रांचा जो सेट मिळाला त्यात दोघांनाही वर घोड्याचं तोंड आणि फरक काय तर खाली बुडाशी! लॅपटॉपवर चालतं हो, पण ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाईलवर दहा घरं बसवली की एका घराला ३६ पिक्सेल उरतात, मग दोन्ही जुळे भाऊच दिसतात आणि ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या झटपट डावात) निरखून बघायला वेळ कुणाला असतो.

मग इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि एसव्हीजी (लहानमोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या चित्रांच्या फाइली) स्वतःच काढल्या. नजर आधी वरच्या कडेवर जाते, म्हणून फरक तिथेच आणला. चान्सेलरचं डोकं सपाट, किल्ल्याच्या बुरुजासारखे दाते, आर्चबिशपचं टोकदार, त्यात तिरकी खाच. घोडा फक्त डाव्या बाजूला, पुढे आलेलं तोंड आणि एक कान, बस्स. आयाळ, डोळा सगळं उडवलं (आयाळ छान जमली होती, जीवावर आलं).

काळ्या सोंगट्यांनी मात्र छळलं. आतल्या पांढऱ्या रेघा मूळ चित्राच्या ४५ एककांच्या चौकटीत १ एकक जाडीच्या होत्या, ३६ पिक्सेलवर त्या ०.८ पिक्सेल होतात, म्हणजे नुसता करडा धूर. २ केल्या, खाच लगेच उठून दिसली. रंगाने फरक करायचा मोह टाळा, दोन बाजू ओळखायलाच रंग लागतो.

आता तिरकी खाच अजून थोडी रुंद करून बघतोय, गडद थीमवर ती जरा दबते.