घरच्या घरी हॉपिन जॉन
अमेरिकेच्या दक्षिणेकडे, खास करून साउथ कॅरोलायनात, 1 जानेवारीला हॉपिन जॉन म्हणजे चवळी-भात करतातच, वर्षभर नशीब साथ देतं म्हणे. भात-चवळीची जोडी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून तिथे रुजली.

एक कप सुकी चवळी रात्रभर भिजवा. चार-पाच बेकनचे (खारवलेल्या डुकराच्या मांसाचे) तुकडे जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर परता, तूप-तेल काही नको, त्याचीच चरबी सुटते, त्यातच कांदा, सेलरी, ढोबळी मिरची मऊ होईपर्यंत परतायची, मग लसूण, थाइम (एक सुगंधी पाला), तमालपत्र, थोडं लाल तिखट. आता चवळी आणि ती बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी. कुकर नको प्लीज, शिट्टीत गाळ होतो. पस्तीस-चाळीस मिनिटांत दाणा बोटात दाबला की दबतो पण साल फाटत नाही, तिथे थांबा. मीठ आत्ता, चाखूनच, कारण बेकन आधीच खारट असतं.

आता खरी गंमत त्या पाण्यात आहे. ते गाळून मोजा, एक कप धुतलेल्या लांब तांदळाला दोन कप, कमी पडलं तर साधं पाणी घाला. सगळं एकत्र करून उकळी आली की झाकण लावून एकदम बारीक गॅसवर अठरा-वीस मिनिटं, मधे उघडून ढवळायचं नाही, चिकट होतो. गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच ठेवा, मग काट्याने मोकळा करा.

वर कांद्याची पात, हॉट सॉस. सोबत तिकडे कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी आणि कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा ब्रेड, असतो. बेकन नको असेल तर तेल आणि स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेल्या लाल मिरचीची पूड), चालतं.