तेल, जिवाणू आणि कुजणारं प्लास्टिक: या कामात येणाऱ्यांसाठी

मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेकमध्ये एम.एस्सी. करणारी मुलं विचारतात, "ताई, बायोप्लास्टिकमध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी आधी विचारते, कुठलं बायोप्लास्टिक? एरंडेलापासून नायलॉन-११ बनतं. मूळ वनस्पतीचं, पण ते कुजत नाही. पीबीएटी हे प्लास्टिक पेट्रोलियमपासून बनतं आणि कंपोस्टमध्ये कुजतं. साखरेपासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकला नीट कुजायला साधारण ६० अंशांपर्यंत तापणारं औद्योगिक कंपोस्ट लागतं, घरामागच्या खड्ड्यात ते कितीतरी काळ तसंच पडून राहतं. माझं काम पीएचएचं, म्हणजे पॉलिहायड्रॉक्सीअल्कनोएट्सचं. ही पॉलिमरं (लांब साखळीचे रेणू) जिवाणू स्वतःच्या पेशीत तयार करतात, आणि ती खाणारे सूक्ष्मजीव मातीत, कंपोस्टमध्ये, समुद्राच्या पाण्यातही असतात. म्हणूनच मला हे काम मोलाचं वाटतं.

१९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोरीस लमवान यांनी बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत पीएचबी, म्हणजे या कुळातलं सगळ्यात साधं पॉलिमर, ओळखलं. जिवाणू ते का साठवतात, हे समजायला सोपं आहे. कार्बन मुबलक, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपलेला, अशा वेळी पेशींना वाढता येत नाही. मग त्या मिळालेल्या कार्बनची बेगमी करून ठेवतात. क्युप्रिॲव्हिडस नेकेटर हा जिवाणू तर कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत पीएचबी साठवू शकतो. वाचन करताना याची राल्स्टोनिया युट्रोफा आणि अल्कॅलिजिनस युट्रोफस ही जुनी नावंही शोधा, नाहीतर निम्मे जुने पेपर हाती लागणार नाहीत.

आता या जिवाणूंना खाद्य म्हणून तेलच का? एक ग्रॅम ग्लुकोजपासून साधारण ०.३ ते ०.४ ग्रॅम पीएचए मिळतं, एक ग्रॅम तेलापासून ०.६ ते ०.८ ग्रॅम. ग्लुकोजपासून ॲसिटिल-कोए (ज्यापासून पीएचए बनतं तो रेणू) तयार होताना काही कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात निघून जातो. फॅटी ॲसिडचे तुकडे होताना तो तसा जात नाही. कच्च्या मालाचा खर्च या धंद्यात फार मोठा असतो, त्यामुळे हा फरक निर्णायक ठरतो. जपानची कानेका कंपनी पाम तेलापासून पीएचबीएच (पीएचएचाच एक लवचिक प्रकार) बनवत आली आहे. आपल्याकडे मात्र खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग आयात होतो. ताटातलं तेल फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या टाकीत) ओतणं मला पटत नाही, म्हणून मी वापरलेल्या तळणाच्या तेलाच्या बाजूने आहे. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार एकूण पोलर संयुगं, म्हणजे तेल तापून बनणारे पदार्थ, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. हॉटेलांकडून आणि फरसाणवाल्यांकडून असं तेल निघतं, पण बायोडिझेलवालेही त्याच तेलाच्या मागे असतात, आणि प्रत्येक डबा वेगळा. कुठे मीठ, कुठे जळका गाळ, कुठे मोकळी फॅटी ॲसिडं जास्त. गाळून घ्या आणि प्रत्येक खेपेचं ॲसिड मूल्य (मोकळ्या फॅटी ॲसिडांचं माप) वहीत नोंदवा.

तेलाची खरी अडचण फ्लास्कमध्ये सुरू होते, कारण ते वर तरंगतं. जिवाणू लायपेज हे एन्झाइम बाहेर सोडून तेल फोडतात तेव्हा कुठे त्यांना खायला मिळतं, त्यामुळे सुरुवातीचे तास वाढ मंद दिसते. अरेबिक गम घालून तेलाचे बारीक थेंब करून घेतले तर ही वाट पाहणं कमी होतं. मोठ्या फर्मेंटरमध्ये सुटलेल्या फॅटी ॲसिडांमुळे फेस उसळतो. फेस मारायला अँटीफोम घातलं तर ऑक्सिजन विरघळण्याचं प्रमाण घटतं, आणि या जिवाणूला ऑक्सिजन भरपूर लागतो. फर्मेंटेशनचं अर्धं कौशल्य या ओढाताणीत आहे आणि ते पुस्तकातून येत नाही. सीनियर फर्मेंटरपाशी उभा असेल तेव्हा शेजारी उभे राहा.

मोजमापाबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. तेलाच्या माध्यमात स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ओडी (द्रवाचा गढूळपणा) बघून वाढ ठरवू नका. तेलाचे थेंब आणि पेशीतले कणही प्रकाश विखुरतात. पेशी हेक्सेनने धुऊन, वाळवून वजन करा. तेल चिकटून राहिलं तर वजन फुगतं आणि पीएचएची टक्केवारी खोटी कमी दिसते. नाइल रेड या रंगाने रंगवल्यावर पेशी सुंदर चमकतात, पण तो रंग तेलाच्या थेंबांनाही चढतो, तेव्हा चमक म्हणजे पुरावा नव्हे. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये तापवून २३५ नॅनोमीटरवर क्रोटोनिक ॲसिड मोजायची पद्धत स्वस्त आहे, पण उरलेली अशुद्धी तिथेही घोळ घालते. शेवटचा शब्द गॅस क्रोमॅटोग्राफीचा (जीसी). त्यासाठी नमुना क्लोरोफॉर्म आणि आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये, बंद नळीत १०० अंशांना तापवतात. क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच उकळतो, म्हणजे नळीत दाब असतो. झाकण तपासा, गॉगल घाला, फ्यूम हुडच्या बाहेर हे करूच नका.

पॉलिमर हाती आलं की काम संपलं असं समजू नका. पीएचबी ठिसूळ असतं. ते १७५ ते १८० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याहून फार वर न जाताच त्याच्या साखळ्या तुटायला लागतात, त्यामुळे मोल्डिंगसाठी तापमानाची जागा अरुंद. साखळीत हेक्सानोएट घटक मिसळला की वितळणबिंदू उतरतो आणि लवचिकपणा येतो. पीएचबीएच म्हणजे तेच. मायक्रोबायोलॉजीच्या मुलांनी इथे संकोच सोडून पॉलिमरची भाषा शिकावी. डीएससीचा (पॉलिमर तापवून त्याचं वितळणं मोजणाऱ्या चाचणीचा) आलेख आणि रेण्वीय वजन वाचता येणारा फर्मेंटेशनचा माणूस कमी सापडतो, आणि कंपन्यांना तोच हवा असतो.

नोकऱ्यांचं चित्र रंगवून सांगणार नाही. अमेरिकेत कॅनोला तेलापासून पीएचए बनवणाऱ्या डॅनिमर सायंटिफिकने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. केवळ पीएचएवर आयुष्य बेतू नका. फर्मेंटेशन, डाउनस्ट्रीम (पेशींतून माल वेगळा करून शुद्ध करणं) किंवा चाचणी यांतलं एक अंग पक्कं करा. ते इथेनॉल, एन्झाइम, औषधं, कुठेही चालतं. जेजुरीजवळ प्राज कंपनीचा बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प आहे, तो पीएलएचा, पण तिथल्या कामाची जातकुळी हीच. जिवाणूंचे स्ट्रेन पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहातून रीतसर विकत मिळतात.

पीएच.डी. किंवा प्रोजेक्टसाठी गाइडला भेटाल तेव्हा विषयाच्या नावावर भाळू नका. जीसी लॅबमध्येच आहे की नमुने बाहेर पाठवतात, किमान पाच लिटरचा चालू फर्मेंटर आहे का, क्लोरोफॉर्मचा कचरा कुठे जातो, हे विचारा. आणि शक्य असेल तर आधीच्या विद्यार्थ्याची लॅबवही अर्धा तास चाळायला मागा.