गणपतीला पाहुणे, प्रत्येकाचं पान वेगळं

गणपती-गौरींना घर भरणार असेल, आणि त्यात धाकट्या दिरांची जैन सून, एक व्हीगन (दूध-तूप-मधही न खाणारी) पुतणी, गहू अजिबात न चालणारा भाचा, उपासांच्या आत्याबाई आणि मधुमेहाचे काका असतील, तर तयारी आधी कागदावर करा आणि मगच ओट्याकडे वळा. गेल्या वर्षी आमच्याकडे बाकी सगळं जुळलं आणि हिंगाकडे लक्ष द्यायचं राहिलं. त्यामुळे या यादीत हिंग पुन्हापुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी तेवढं वाचा.

पहिलं काम फोनचं. “काय चालत नाही?” असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: “अहो, आमच्यासाठी काही वेगळं करू नका, सगळं चालतं.” मग हेच सगळं चालणारे लोक पानावर बसले की वाटी हळूच बाजूला सरकवतात. त्यापेक्षा “काल दिवसभरात काय काय जेवलात, किती वाजता?” असं विचारा. कांदा, दूध, बटाटा, जेवणाच्या वेळा, सगळं आपोआप बाहेर येतं. आणि पथ्य ज्याचं आहे त्यालाच विचारा. सुनेला काय चालतं हे दिरांना माहीत नसतं, ते फक्त माहीत असल्यासारखं बोलतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी मात्र एकूण एक माणसाला विचारायची, लहान मुलांच्या आयांना तर नक्कीच, कारण आपल्याकडे दाण्याचा कूट कोशिंबिरीपासून भेंडीपर्यंत कुठेही पडतो.

मग कॅलेंडर काढा. हरतालिका चतुर्थीच्या आदल्या दिवशी, ऋषिपंचमी दुसऱ्या दिवशी. आत्याबाई पंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, म्हणजे ऋषीची भाजी आणि तिचं सामान आदल्या दिवशीच घरात हवं. जैनांचं पर्युषणही याच सुमारास येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. श्वेतांबरांची संवत्सरी चतुर्थी-पंचमीच्या आसपास असते, आणि दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. एरवी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा टाळून भागतं. पर्युषणात पुष्कळ घरांत हिरव्या भाज्याही बंद असतात. कोथिंबीर, हिरवी मिरची, ओलं खोबरं यांचं काय, ते सुनेलाच विचारा, घरोघरी वेगळं असतं. पाणी उकळून गार केलेलं लागेल. आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. पुण्यात या दिवसांत सूर्य साडेसहा-पावणेसातला मावळतो, आपली आरती साडेसातच्या आधी होत नाही, पानं मांडेपर्यंत नऊ वाजतात. तेव्हा तिचं पान आरतीच्या आधी. नैवेद्याआधी कुणी जेवायचं नाही असा घरचा नियम असेल तर नैवेद्य लवकर दाखवा. बाप्पाची हरकत नसते, असते ती सासूबाईंची, आणि तीही आधी बोलून ठेवलं तर नसते.

‘उपासाचं आहे, म्हणजे जैनांना चालेल’ हा हिशेब चुकीचा. उपासाचं निम्मं ताट बटाटा आणि रताळ्यावर उभं असतं. कच्च्या केळ्याची भाजी करा, दोन्हीकडे खपते.

आता हिंग. हिंग म्हणजे एका झुडपाच्या मुळातून निघणारा चीक. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारातला हिंग डिंक आणि पीठ मिसळून केलेला असतो. हे पीठ पुष्कळ डब्यांत गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, काहींत तांदळाचं. डबी उलटी करा, चष्मा लावा, घटक वाचा. गहू असेल तर तसं पाकिटावर लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे सापडेल. खडा हिंग आणला म्हणजे सुटलो असं नाही, खड्यातही पीठ असू शकतं. सुटा आणला तर वाचायलाच काही नाही. ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन, तेव्हा ग्लूटेन-फ्री छापलेला आणा (आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेन अशी आहे), नाहीतर त्या दिवसांत हिंगच नको.

“एवढ्याशा हिंगाने काय होतंय” म्हणणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. त्याला सांगा की भाच्याला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. चिमटीची सवलत नाही. गेल्या वर्षी त्याच्यासाठी भाकरी वेगळी, तवा वेगळा, ताटसुद्धा वेगळं काढलं, आणि वरणाच्या कुकरमध्ये हळदीबरोबर नेहमीचा हिंग गेला. गौरी जेवल्या तेव्हा पोर आतल्या खोलीत पोट धरून पडलं होतं.

अडचण अशी की हिंगाकडे हात न विचारता जातो. डाळ शिजवताना, फोडणीत, ताकात. शिवाय तो विकतच्या वस्तूंत आधीच जाऊन बसलेला असतो: लोणच्यात, उडदाच्या पापडात, चिवड्यात, ताकाच्या मसाल्यात, सांडगी मिरचीत, पुष्कळदा गोड्या मसाल्यातही. मेतकुटात तर हिंगाबरोबर गहूही भाजून दळलेला असतो, म्हणजे मऊ भात-मेतकूट हे आजारी पोरासाठी आपलं हुकमी जेवण नेमकं त्यालाच चालत नाही. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतोच.

म्हणून पाहुणे यायच्या आदल्या रात्री नेहमीची हिंगाची डबी माळ्यावर टाका. फोडणीच्या डब्यात हिंगाची वाटी असेल तर आख्खा डबाच बदला, त्यातला चमचा सगळीकडे फिरलेला असतो. पोळ्यांच्या मावशींना सांगा, सासूबाईंना सांगा, मदतीला येणाऱ्या शेजारच्या काकूंना सांगा. काकूंना दोनदा सांगा, त्या स्वतःच्या घरून डबी आणतात.

पीठ. भाच्याची ज्वारी आणि मोदकाची पिठी गिरणीवर टाकू नका. गिरणीत आपल्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतोच, आणि त्याचं पीठ आपल्या पिठात उतरतं. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून घरच्या मिक्सरवर दळा आणि नव्या चाळणीने चाळा, किंवा ग्लूटेन-फ्री लिहिलेलं पाकीट आणा. लाकडी पोळपाटाच्या चिरांत वर्षानुवर्षांची कणीक असते, तेव्हा एक स्टीलचा पोळपाट, एक लाटणं आणि एक झारा तुळशीबागेतून आणा. पण चतुर्थीच्या चार दिवस आधी आणा. नंतर लक्ष्मी रस्ता आणि मंडईच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते आणि पार्किंगचा विषयच काढू नका. केळीची पानं, अळू, नारळ यांसाठी सकाळी लवकर मंडई.

काय करायचं, ते ठरवताना पाच स्वयंपाक मांडू नका, मरून जाल. एक पाया धरा: भात, बिनहिंगाचं साधं वरण, लाल भोपळ्याची बिनकांद्याची भाजी, उकडीचे मोदक. हे जवळजवळ सगळ्यांच्या पानात जातं. बाकीचं त्यावर. उकडीचा मोदक तांदळाचा, तो भाच्यालाही चालतो. तळणीचा कणकेचा, तो नाही, आणि त्या तेलात नंतर तळलेलं काहीही नाही. पुरणपोळी त्याला देता येत नाही, पण पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गूळ. पोळीत भरण्याआधीच वाटीभर बाजूला काढून ठेवा. कटाची आमटी मात्र सांभाळा, तिच्यात गोडा मसाला जातो आणि मग हिंग. हो, पुन्हा हिंग. आत्याबाईंच्या ताटात मात्र हा प्रश्नच येत नाही, कारण उपासाच्या फोडणीत तूप-जिरं असतं, हिंग नसतो. वरीचा भात आणि दाण्याची आमटी भाच्यालाही वाढा; फक्त वरई सुटी आणू नका, दुकानातला माप घ्यायचा डबा आधी रव्यात गेलेला असतो.

पुतणीचं सोपं वाटतं आणि तिथेच घात होतो. तूप, दही वरून घ्यायचे पदार्थ ठेवले की झालं, असं वाटतं, पण उकड काढताना आपण लोणी किंवा दूध घालतो, मसालेभातावर तूप सोडतो. उकडीला तेल घाला. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून निर्धास्त होऊ नका, त्यात दूध आणि मध दोन्ही बसतात. काकांसाठी वेगळं काही नको, भाज्या-आमटीत सवयीने जाणारा गूळ थांबवा, बस. ते इन्शुलिन घेत असतील तर टोचल्यावर जेवण लांबता कामा नये, आरती कितीही रंगली तरी. मांसाहाराचं काही घरांत गौरींनाच चालतं, आमच्याकडे गणपती असेपर्यंत नाही. ज्याला हवं त्याने बाहेर जाऊन खावं.

करण्याचा क्रम: भाच्याचं आधी, कणीक मळायच्या आधी, ओटा पुसून. मग उपासाचं, मग जैन, मग बाकी सगळं. पिठाचा हात इकडून तिकडे गेला की सगळी मेहनत पाण्यात. गुरुवार येत असेल तर महापालिकेची पाणी बंदची सूचना आहे का बघा, आणि पिंप भरून ठेवा. गॅस बघा.

वाढताना प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव. भांड्यांवर चिठ्ठ्या चिकटवा, हसतील, हसू दे. भाच्याला पहिला वाढा, म्हणजे पोळीचा हात त्याच्या भाजीत जायच्या आत त्याचं वाढून होतं. पापड त्याच्या पानात कुणी प्रेमाने टाकेल, लक्ष ठेवा. पापडात हिंग.

रात्री उरलेलं एकत्र करू नका. भाच्याचं आणि पुतणीचं वेगळ्या डब्यांत, नाव लिहून, फ्रिजच्या वरच्या फळीवर. जाताना वाटेसाठी दशम्या-चटणी बांधाल तेव्हा भाच्याला भाकरी, पुतणीच्या दशम्या पाण्यात भिजवलेल्या, आणि सुनेच्या चटणीत लसूण नको. स्टीलचे डबे देऊ नका, परत येत नाहीत.