घरी बीपी मोजताय? आधी दंड मोजा

दंडाला बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या. मनगटावरचं नको, कारण मनगट नेमकं छातीच्या उंचीवर धरणं फार थोड्यांना जमतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, मिश्री, व्यायाम सगळं बंद. लघवीला जाऊन या. मग पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीला टेकवून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून मोजू नका.

एवढं सगळेच सांगतात. आकडा चुकतो तो पुढे, कफ (दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा) बांधताना आणि हात ठेवताना.

‘मशीनबरोबर आलेला कफ सगळ्या घराला चालतो’ हे दुकानदार सांगतो, ते ऐकू नका. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर शिंप्याची टेप दंडाभोवती फिरवा आणि घेर बघा. अनेक मशीनबरोबर २२ ते ३२ सेंटीमीटरचा कफ येतो. तो आकडा कफवरच छापलेला असतो. दंड ३५ सेंटीमीटरचा असेल तर मोठा कफ वेगळा विकत घ्यावाच लागतो. लहान कफमधली हवेची पिशवी दंडाला पुरेशी वेढत नाही. मग धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि मशीन तोच जास्तीचा दाब तुमचं बीपी म्हणून दाखवतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली हे मोजून दाखवलं. ज्यांना सर्वांत मोठा कफ लागतो त्यांना नेहमीच्या मापाचा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी सुमारे २० ने जास्त आला. तेवढ्यावर एखाद्याला नको असलेली गोळी सुरू होऊ शकते. उलट, कफ दंडाच्या मानाने फार मोठा असेल तर आकडा खोटा कमी येतो.

कफ उघड्या दंडावरच बांधा. वर गुंडाळलेली शर्टाची बाही किंवा ब्लाउजची घट्ट बाही दंडाला काचते, म्हणून हात बाहीतून काढूनच घ्या. कफची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर, नळी तळहाताच्या बाजूला, आणि कफखाली दोन बोटं जातील इतपत घट्ट.

आता हात. कफचा मध्य छातीच्या हाडाच्या मध्याशी एका रेषेत आला पाहिजे. सोफ्यावर बसून हात मांडीत ठेवला की दंड खाली जातो, त्यातल्या रक्ताच्या वजनाची भर पडते आणि दर १० सेंटीमीटरला साधारण ७-८ आकडे वाढतात. म्हणजे खरं १३२ असलेलं बीपी १४० दिसतं. हात स्वतःच्या ताकदीने उचलून धरला तरी स्नायू ताणले जाऊन आकडा चढतो. म्हणून डायनिंग टेबलाशी बसा, कोपराखाली उशी किंवा घडी केलेली चादर सरकवा आणि हात पूर्ण सैल सोडा. मशीन चालू असताना बोलू नका. घरातल्या कुणी ‘किती आलं?’ विचारलं तरी उत्तर नंतर द्या.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा, पुढे जास्त आकडा येणाऱ्या हातावरच. फरक दर वेळी १० हून जास्त येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं सात दिवस. सगळे आकडे लिहा, आवडलेले तेवढेच नव्हे. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ते उच्च रक्तदाबात मोडतं; अमेरिकेत २०१७ पासून हीच रेषा १३०/८० आहे. वही डॉक्टरांना दाखवा, गोळी स्वतः वाढवू किंवा बंद करू नका.

१८०/१२० च्या वर आकडा आला तर शांत बसून मिनिटभराने पुन्हा मोजा. तेवढाच राहिला आणि त्रास काही नसला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा हातपाय लुळे पडणं यांतलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा.